वही त्यांची, नावं आपली

25 ऑक्टोबर 2022, मंगळवार. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन झालेलं, दुसऱ्या दिवशी पाडवा आणि भाऊबीज. ऐन दिवाळीतल्या त्या दुपारी व्हॉट्सअ‍ॅप बंद पडलं आणि जवळजवळ दोन तास बंदच राहिलं. त्याच संध्याकाळी खंडग्रास सूर्यग्रहण होतं. त्याचा स्पर्शकाळ पंचांगात मिनिटासकट छापलेला होता आणि सूर्य ग्रासलेल्या अवस्थेतच मावळणार, हेही वर्षभर आधी लिहून ठेवलेलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपला लागलेलं ग्रहण कधी सुटणार हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं, कारण विचारायचं कुणाला हेच कुणाला माहीत नव्हतं. लोक चिडले, दुसऱ्या माध्यमांवर जाऊन त्यांनी यथेच्छ टिंगल केली आणि सेवा सुरू होताच मुकाट्याने परत आले. या परत येण्याला आळस म्हणायची पद्धत आहे. कुणी व्यसनही म्हणतात. मला दोन्ही निदानं चुकीची वाटतात. बेभरवशाच्या सेवेवर चिडायचं आणि तरी तिच्याच दारात उभं राहायचं, हा अनुभव मोबाइलपेक्षा फार जुना आहे. नाशिकच्या गंगाघाटाच्या इतिहासात त्याचं कारण बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं. सेवा वाईट झाली एवढ्यावर माणूस ती सोडत नाही. जाताना आपलं म्हणून जे काही आहे ते बरोबर नेता येत असेल, तरच सोडतो.

नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला येणारा यात्रेकरू पिढ्यान्पिढ्या एका ठरलेल्या दारात जात आला. ते दार त्याने निवडलेलं नसे. मुलूख कोणता, मूळ गाव कोणतं, आडनाव काय, जात काय, यावरून त्याचा तीर्थोपाध्ये आधीच ठरलेला असे. घाटावर पाऊल टाकलं की पहिली चौकशी गावाची आणि आडनावाची, आणि उत्तर मिळालं की ज्याचा यजमान त्याच्याकडे त्याची रवानगी. तिथे कापडात बांधलेली वही सोडली जाई. हीच नामावळी. आजोबा कोणत्या साली आले होते, बरोबर कोण होतं, सिंहस्थाला आले की अस्थी घेऊन, घरात तेव्हा मुलगे किती, चुलत घराणं कुठे स्थायिक झालं, हे सगळं तिच्यात असे. जुन्या नोंदी मोडीत, अलीकडच्या बाळबोधीत. अनेक नोंदी यजमानाने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या, खाली सही केलेल्या. नातू यायचा, आजोबांचं अक्षर बघायचा, त्याखाली आपलं नाव आणि आपल्या मुलांची नावं घालायचा. विसाव्या शतकात कुलवृत्तांत छापण्याची लाट आली, तेव्हा संपादकांनी वंशावळींतल्या गाळलेल्या जागा भरायला याच वह्यांचा आधार घेतला. नातेवाइकांची यादी, भेटीची तारीख, कुणाच्या घरी काय घडलं याची खबर आणि खाली सही, इतकं सगळं एका ठिकाणी ठेवणाऱ्या व्यवस्थेला आज आपण जे नाव देऊ, ते तेव्हा नव्हतं एवढंच. काम तेच होतं.

ही वही राहायची मात्र उपाध्यांच्या घरी. यजमानाला ती पाहता येई, तिच्यात लिहिता येई, नेता येत नसे. यजमानांची ही यादी म्हणजेच उपाध्यांची वृत्ती, आणि वृत्ती ही शब्दशः इस्टेट होती. भावाभावांत वाटण्या झाल्या की भांडीकुंडी आणि घराच्या खणांबरोबर यजमानांची गावंही वाटली जात. अडचण आली तर वृत्ती गहाण पडे, कधी विकलीही जाई. एकोणिसाव्या शतकात असे तंटे इंग्रजी न्यायालयांपुढे गेले, तेव्हा मुंबई हायकोर्टाने पिढीजात पौरोहित्याच्या हक्काला हिंदू कायद्याप्रमाणे स्थावर मालमत्तेच्या पंक्तीला बसवलं. हे नीट लक्षात घ्यायला हवं. सोलापूरच्या किंवा वऱ्हाडातल्या एखाद्या शेतकऱ्याचं, त्याच्या बापाचं आणि पोरांचं नाव नाशिकच्या एका घरात मालमत्ता म्हणून या हातातून त्या हातात जात होतं, आणि त्या व्यवहारात शेतकऱ्याला कुणी विचारत नव्हतं. त्याला कळायचं ते पुढच्या यात्रेत, उपाध्ये बदललेले दिसले म्हणजे.

तक्रारी अर्थातच होत्या. दक्षिणेवरून घासाघीस, दोन उपाध्यांची एकाच यजमानावरून ओढाताण, ऐन पर्वणीच्या गर्दीत आपले उपाध्ये न सापडणं, घाईघाईत उरकलेलं श्राद्ध. तीर्थाच्या ठिकाणच्या या गोष्टी मराठी घरांत इतक्या बोलल्या गेल्या आहेत की त्यांच्यासाठी पुरावा काढत बसायची गरज नाही. तरीही पुढच्या खेपेला यजमान त्याच दारात उभा राही. त्याला श्रद्धा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण श्रद्धा गंगेवर होती, रामकुंडावर होती. अमुक एका उपाध्यावरच ती असायला हवी असं कुठलं शास्त्र सांगत नव्हतं. तिथे त्याला धरून ठेवत होतं आजोबांचं अक्षर. शेजारच्या उपाध्याने कितीही गोड बोलून बोलावलं, तरी त्याच्या वहीत यजमानाचा मागमूस नव्हता. शेजाऱ्याकडे जायचं तर आपल्या घराण्याची सुरुवात कोऱ्या पानापासून करायची. असं कोण करील?

गावोगावच्या जोशांचा मामला याहून कडक होता, आणि इथे दोन गोष्टींची गल्लत करून चालणार नाही. तीर्थावरचा उपाध्ये यजमानाला वहीने बांधून ठेवी, गावचा जोशी त्याला वतनाने बांधी. गावातलं लग्न दुसऱ्या कुणी लावलं, किंवा भटाशिवायच लावलं, तरी वतनदार जोशी आपली दक्षिणा मागू शके आणि त्यासाठी दावाही लावी. जोतीराव फुल्यांनी 1869 साली ‘ब्राह्मणांचे कसब’ लिहिलं आणि 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज काढला. त्या वर्षअखेरीपासून भटाविना लग्नं लागू लागली. त्यावर ओतूरसारख्या गावांतून जोशांचे दावे कोर्टात गेले. भटजी चांगले असावेत, दर माफक असावा, वेळेवर यावेत, अशी मागणी करून सत्यशोधक थांबले नाहीत. त्यांनी हात घातला तो बांधिलकीलाच: आम्हाला नको असेल तेव्हा नको म्हणता आलं पाहिजे. कायद्यात हे उतरायला पन्नासहून अधिक वर्षं गेली. 1926 साली मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि ज्या पुरोहिताला विधीसाठी बोलावलंच नाही त्याला त्या विधीची दक्षिणा मागता येणार नाही असं ठरलं. या कायद्याने एकाही भटजीची संथा सुधारली नाही. त्याने फक्त दार उघडं केलं. बाकीचं काम उघड्या दाराने केलं, कारण यजमान जाऊ शकतो हे कळल्यावर वागणं आपोआप बदलतं. पण दक्षिणेचा हक्क गेला तरी नामावळी जिथे होती तिथेच राहिली. तिच्याबद्दल कायदा काही बोलला नाही.

याच सुमाराला नाशिकच्या दुसऱ्या टोकाला एक वेगळी गोष्ट घडत होती. नाशिकरोडला 1925 साली सरकारी सिक्युरिटी प्रेस सुरू झाला आणि तोवर लंडनहून छापून येणारी टपाल तिकिटं तिथे छापली जाऊ लागली. देशभर फिरणाऱ्या टपालाची तिकिटं ज्या गावात छापली गेली, ते हेच गाव. टपालाची व्यवस्था वहीच्या नेमकी उलट होती. 1854 मध्ये अंतर कितीही असो, पत्राला अर्धा आणा असा एकच दर झाला. 1879 पासून पाव आण्याचं कार्ड आलं. कार्ड कुठल्याही पेटीत टाका, ते कुठल्याही पत्त्यावर जाईल. पत्ता टपालखात्याचा नव्हता, तुमचा होता, आणि तुमच्या मित्रांची यादी तुमच्याच खिशातल्या डायरीत होती. टपाल उशिरा येई, मनीऑर्डर रखडे, पोस्टमन रजेवर जाई. टपालावरच्या विनोदांनी मराठी दिवाळी अंकांची कितीतरी पानं भरली असतील. पण त्या चिडण्यात अगतिकता नव्हती. पोस्टमास्तराकडे लेखी तक्रार देता येई, वरच्या साहेबाकडे जाता येई, विधिमंडळात प्रश्न विचारता येई, आणि काहीच जमलं नाही तर जाणाऱ्या माणसाच्या हाती चिठ्ठी पाठवता येई, कारण ती कुणाकडे पाठवायची हे आपल्याला ठाऊक असे. दूरध्वनीच्या बाबतीत सरकारी मक्तेदारीने लोकांना वर्षानुवर्षं प्रतीक्षायादीत ठेवलं, हेही खरं. म्हणून सेवा सरकारी असली की सुटलो, असा निष्कर्ष मी काढत नाही.

मग ऑर्कुट आलं. गूगलने ते जानेवारी 2004 मध्ये सुरू केलं आणि ब्राझील व भारत या दोन देशांनी ते डोक्यावर घेतलं. नाशिकची, पुण्याची, कोल्हापूरची कॉलेजं तिथे कम्युनिट्या करून जमली. स्क्रॅप, टेस्टिमोनियल, फॅन हे शब्द मराठी मुलांच्या तोंडी बसले. ऑर्कुट वारंवार बंद पडे, आणि पडलं की पडद्यावर एक पाटी दिसे: ‘बॅड, बॅड सर्व्हर. नो डोनट फॉर यू.’ सर्व्हरला रागे भरल्याचा तो आव होता. खोळंबलेल्या माणसाने हसून सोडून द्यावं, अशी अपेक्षा होती. लोक हसलेही आणि चिडलेही. निघून मात्र कुणी गेलं नाही. पुढे 2010 च्या सुमाराला ती गर्दी फेसबुककडे वळली. इथे पहिला आक्षेप उभा राहतो आणि तो गंभीर आहे. लोक अखेर ऑर्कुट सोडून गेलेच ना? म्हणजे बाजाराने आपलं काम केलं, कुलूप वगैरे काही नव्हतं. पण ते गेले कसे, ते पाहा. डोनटची पाटी वर्षानुवर्षं सोसून माणसं तिथेच होती. ती निघाली ती मित्र निघाले म्हणून, एकगठ्ठा, कळप पाणी सोडून दुसऱ्या पाण्यावर जावा तशी. जाताना नेलं काय? जवळजवळ काहीच नाही. 30 सप्टेंबर 2014 रोजी ऑर्कुट बंद झालं. फोटो हवे असतील तर गूगल प्लसवर हलवा, अशी सोय कंपनीने दिली होती, आणि 2 एप्रिल 2019 रोजी सामान्य वापरकर्त्यांसाठी तेही बंद झालं. एका बुडत्या होडीतून उतरवून दुसऱ्या बुडत्या होडीत बसवणं, याला बाजाराची शिस्त म्हणायची असेल तर म्हणावं. माणसं गेली हे खरं, पण वही मागेच राहिली, आणि मग ती जळाली.

आजचं नाशिक व्हॉट्सअ‍ॅपवर किती टेकलं आहे, हे शहरापेक्षा तालुक्यांत जास्त कळतं. लासलगावची बाजार समिती 1947 पासूनची, कांद्याच्या व्यापारात देशभर नाव असलेली. उन्हाळ कांद्याला किमान किती, कमाल किती, सरासरी किती, हे लिलाव चालू असतानाच येवला, निफाड, चांदवड, सटाण्याच्या गटांवर येऊन पडतं. त्यावर ट्रॅक्टर आज भरायचा की उद्या, हे ठरतं. 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री फेसबुकच्या जाळ्यात देखभालीच्या वेळी एक चुकीची आज्ञा गेली आणि व्हॉट्सअ‍ॅपसह कंपनीच्या तिन्ही सेवा सुमारे सहा तास जगभर बंद पडल्या. कंपनीच्या लोकांना स्वतःचीच अंतर्गत साधनं वापरता येईनात. रात्र होती म्हणून इथल्या लिलावांचं काही बिघडलं नाही. पुढच्या वर्षीचा बंद दुपारचा होता. शिवाय बेभरवशाची बाजू केवळ बंद पडण्यापुरती नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या 5 माणसांना जमावाने ठेचून मारलं. त्याच रात्री नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात तशाच अफवेवरून जमावाने घेरलेलं एक कुटुंब, लहान मुलासह, पोलिसांनी जेमतेम वाचवलं. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. टपालाच्या काळातही अफवा होत्याच. फरक असा की, ही मर्यादा पाच असावी की पन्नास, हे ठरवण्याचा अधिकार मालेगावच्या पोलिसांकडे नव्हता, मुंबईच्या मंत्रालयाकडेही नव्हता.

दुसरा आक्षेप नेहमीचा: फुकट मिळतं, मग कुरकुर कसली? उपाध्येही दर लावत नसत, दक्षिणा यथाशक्तीच असे, तरी वृत्ती गहाण पडत होती आणि विकली जात होती. जी गोष्ट गहाण ठेवून पैसे उचलता येतात ती फुकटची कशी म्हणायची? 2014 मध्ये फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप 1,900 कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्या कंपनीत जेमतेम 55 माणसं होती आणि कमाई नगण्य होती. तिच्याकडे होते सुमारे 45 कोटी यजमान. सौदा इमारतींचा नव्हता, यंत्रांचा तर नव्हताच. विकली गेली ती वही. आणि याही वेळी यजमानांना कुणी विचारलं नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात बोचतो, कारण त्यात तथ्य आहे. उपाध्ये आणि परदेशातली कंपनी यांना एका ओळीत बसवणं हा उपाध्यांवर अन्याय नाही का? काही बाबतींत आहे. उपाध्यांचा चेहरा होता, घर होतं, ओटा होता. भांडायला गेलं तर समोर माणूस सापडे, आणि दुपार झाली तर त्याच घरात पानही वाढलं जाई. वही त्यांनी वाळवीतून, पुरातून, वाटण्यांतून सांभाळली. ऑर्कुट साडेदहा वर्षांतच संपलं, नामावळ्यांतल्या नोंदी शेकडो वर्षांच्या आहेत. जतनाच्या कसोटीवर गंगाघाट कॅलिफोर्नियाच्या कितीतरी पुढे आहे आणि हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही. पण म्हणून त्या वहीला सोन्याचा मुलामाही चढवू नये. ज्या पंचवटीत काळाराम मंदिराच्या दारात 2 मार्च 1930 पासून सत्याग्रह करावा लागला, तिथल्या वह्यांत सगळ्यांच्या आजोबांची अक्षरं सारखी उमटली असतील असं समजणं भाबडेपणाचं ठरेल. माझा मुद्दा उपाध्ये चांगले की कंपनी चांगली, हा नाहीच. नोंद करणारा कितीही भला असो, नोंदीची किल्ली एकट्या त्याच्याकडे असली की यजमानाच्या चिडण्याला वजन राहत नाही. भला माणूस त्या सत्तेचा गैरवापर करत नाही, एवढंच.

किल्ली काढून घेता येते, याचा दाखला आपल्याच देशात, आपल्याच हयातीत आहे. मोबाइल कंपनी बदलायची तर पूर्वी नंबर सोडावा लागे, आणि नंबर सोडणं म्हणजे ओळखीच्या प्रत्येकाला नवा नंबर कळवत बसणं. म्हणून लोक भिकार नेटवर्कला शिव्या देत त्यालाच चिकटून राहत. 20 जानेवारी 2011 पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क मिळाला. नंबर कंपनीचा नाही, तुमचा, असं ठरलं. 1926 च्या कायद्याचंच हे भावंड. निरोपांच्या सेवांना मात्र असं काही लागू नाही. जानेवारी 2021 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने नवी धोरणं पुढे केली, मान्य करा नाहीतर चालते व्हा अशा थाटात, तेव्हा लोकांनी धडाधड सिग्नल उतरवून घेतलं. त्या गर्दीने जानेवारीच्या मध्यावर सिग्नलच कोलमडलं. बहुतेक जण परत फिरले. हाउसिंग सोसायटीचा गट, शाळेचा गट, कांद्याच्या भावाचा गट कुणीच उचलून नेऊ शकलं नव्हतं. भारतीय स्पर्धा आयोगाने त्या धोरणाबद्दल नोव्हेंबर 2024 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी मेटाला 213.14 कोटींचा दंड केला आणि कंपनी अपिलात गेली. दंड झाला, ठीक आहे. पण सत्यशोधकांच्या वेळी कोर्टाने एखाद्या जोशाला दंड केला असता, तरी गाव वतनातून सुटलं नसतं. युरोपने मार्च 2024 पासून वेगळी वाट धरली आहे: व्हॉट्सअ‍ॅपसारख्या बड्या सेवांनी दुसऱ्या सेवांच्या निरोपांना दार उघडायचं, म्हणजे कुठल्याही पेटीत टाकलेलं कार्ड कुठल्याही पत्त्यावर जावं तसं. ती वाट अजून खडबडीत आहे आणि तांत्रिक अडचणी खऱ्या आहेत. निरोपाची गुप्तता सांभाळून दोन सेवा जोडणं म्हणजे दोन नळ जोडणं नव्हे. तरी दिशा 1854 ची आहे, आणि ती मला योग्य वाटते.

आपल्याकडे ही संधी कागदावर येऊन गेली. डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलेल्या वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकात एक कलम होतं: एखाद्या सेवेकडे साठलेली आपली माहिती वापरता येईल अशा स्वरूपात मागून घ्यायची आणि दुसऱ्या सेवेकडे न्यायची. यजमानाने आपलं पान मागायचं आणि उपाध्यांनी ते द्यायचं, इतका सरळ त्याचा अर्थ. ते विधेयक ऑगस्ट 2022 मध्ये मागे घेतलं गेलं. ऑगस्ट 2023 मध्ये त्याच्या जागी नवा कायदा झाला. त्यात हे कलम नाही.